वर्सां खंय लिवलीहत?

मार्च महिन्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त काम असतं, आणि त्यातलं एकही साहित्यात मोडत नाही. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, कुठल्या तरी प्रकल्पाचे पैसे खर्ची पडायचे राहिलेले असतात आणि कुणाला तरी ऐन वेळी आठवतं की अहवाल मराठीतही द्यायचा होता. मग फोन वाजायला लागतो. खारफुटी, बचत गट, काजूवरचा ढेकण्या, सौर पंप. शब्दाला सव्वा रुपया आणि मुदत परवाची. मी हो म्हणते. ते पैसे यायला जून-जुलै उजाडतो, त्यावर पावसाळा निघतो आणि पावसाळ्यात मी कथा लिहिते. माझ्या अलीकडच्या कथांचा आश्रयदाता कोण, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर सौर पंप हेच आहे.

व्यासपीठावर ओळख करून देताना हे कुणी सांगत नाही. तिथे कथासंग्रह किती ते सांगतात, आणि मग ‘कोकणच्या मातीशी जुळलेली नाळ’. ही नाळ प्रत्येक परिचयात असते. पोट कशावर चालतं हा प्रश्न नाळेच्या इतक्या जवळचा असूनही कुणी विचारत नाही.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. नवरा हायस्कुलात शिक्षक, सासूबाई, मुलगी शिकायला कोल्हापूरला. मी पूर्वी मुंबईत एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचे. इकडे आल्यापासून घरूनच जे मिळेल ते लिहिते. अनुवाद, हॉटेलांची आणि होमस्टेंची माहितीपत्रकं, शाळांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका, हापूसच्या पेटीवरचा मजकूर. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेटीवर काय लिहायचं याला एकदम महत्त्व आलं. ‘अस्सल’ हा शब्द जो तो घालत होता, आता त्याला पुरावा लागतो. बागायतदारांना चार वाक्यं नीट लिहून हवी असतात, आणि ती मी लिहिते. या सगळ्याच्या फटीत कथा.

पावसाळा हा मराठी लेखकाचा हंगाम झाला तो दिवाळी अंकांमुळे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा दिवाळीत छापून यायची आणि म्हणून पावसात लिहायची असा रिवाज पडत गेला. अंक दिवाळीला हवा तर मजकूर जुलैअखेर, फार तर पंधरा ऑगस्टपर्यंत. पुण्याच्या लेखकाला यात काही विशेष वाटणार नाही. इथे जुलै म्हणजे लाईट जाण्याचा महिना. कुठे तरी माड तारेवर आडवा होतो, वायरमन एक आणि गावं बारा, तोवर लॅपटॉप मान टाकतो आणि पाठोपाठ मोबाइलचा टॉवरही. त्यामुळे माझा पहिला खर्डा वहीतच होतो. लोकांना हे ऐकून फार छान वाटतं. कागदाला जुलैत हात लावून बघा म्हणावं. पानं इतकी दमट असतात की शाई फुटते, बॉलपेनशिवाय गत्यंतर नाही, आणि ज्या वहीत कथा आहे तिला बुरशी येऊ नये म्हणून ती चुलीच्या वरच्या फळीवर, कोकमांच्या शेजारी. माझ्या सगळ्या खर्ड्यांना धुराचा वास येतो. संपादकांना तो पोचत नाही, कारण शेवटी पाठवायची असते फाइल.

आणि फाइल हे वेगळंच प्रकरण. मी युनिकोडमध्ये टाइप करते. पुष्कळ अंकांची पानं अजून श्रीलिपी या जुन्या फाँटात लागतात. मजकूर एकीकडून दुसरीकडे नेताना रफार गळतात, जोडाक्षरं सुटी होतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं उभी राहतात. एका शोकप्रसंगातला ‘सर्व’ तीनदा ‘सव’ झालेला मी पाहिला आहे. प्रूफं आली तर निस्तरता येतं. ती येतात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, ‘मॅडम, उद्या सकाळपर्यंत’ म्हणून. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही घरातली बाई त्या दिवशी काय करत असते हे त्या डीटीपीवाल्या मुलाला माहीत असण्याचं कारण नाही. गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, करंज्या, मुंबईहून रात्री उतरणारी माणसं, त्यांच्या अंथरुणांची मोजदाद. मी पिठाच्या हाताने रफार लावलेले आहेत.

मानधनाचं म्हणाल तर काही अंक दोन-तीन हजार देतात, काही पाचशे, काही नुसता अंक. ‘नुसता अंक’वाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी त्यांच्यातल्या काहींना जवळून ओळखते. पतपेढ्या, बिल्डर, सराफ यांच्याकडे जाहिराती मागत फिरतात, छापखान्याचं बिल स्वतःच्या खिशातून भागवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतात. माझा राग त्यांच्यावर नाही. जे अंक गुळगुळीत कागदावर निघतात, ज्यांच्यात पानागणिक दागिने झळकतात आणि तरी मानधनाचा विषय निघाला की ज्यांना ‘मराठीची सेवा’ आठवते, त्यांच्यावर आहे. छापखाना सेवा म्हणून छापत नाही, कागदवाला सेवा म्हणून कागद देत नाही. साखळीतल्या एकाच माणसाने सेवा करायची, तो लेखक.

गावात माझ्या कामाबद्दल वेगळाच समज आहे. ‘तू घराकच असतंस मां?’ या वाक्याने माझे अनेक दिवस संपले आहेत. घराकच असते म्हणून बँकेत कुणाला तरी घेऊन जायचं, घराकच असते म्हणून कुरिअर घ्यायचं, गॅसवाला येईल त्याला थांबवायचं, शेजारच्या वयनीची भाजणी दळून येईपर्यंत तिचं दूध बघायचं. नवरा स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसला असला तरी तो ड्युटीवर असतो. मी पाटावर बसून एका वाक्याशी झगडत असते, तेव्हा ‘बसललीच’ असते. सासूबाईंनी मात्र त्यांच्या परीने तोडगा काढला आहे. कुणी आलं की सांगतात, ‘ती कामात आसा, तेचे पैशे गावतत.’ पैसे मिळतात या वाक्याने जेवढी शांतता मिळते तेवढी ‘लेखिका आहे’ या शब्दाने कधी मिळाली नाही. मी त्यांना किती मिळतात ते सांगितलेलं नाही.

गावाला माझ्या लिहिण्याचा खरा उपयोग होतो तो अर्जांसाठी. फळपीक विम्याचा तक्रारअर्ज, वारस नोंदीचा अर्ज, ग्रामसभेपुढचं निवेदन. आमच्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर दर पावसात जळायचा. त्याबद्दल मी एक निवेदन लिहून दिलं, तारखा, घरांची संख्या, फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवणारे किती, एवढंच, विशेषणाशिवाय. खाली सह्या. पुढच्या पावसाआधी नवा ट्रान्सफॉर्मर बसला. त्याच अंधारावर मी एक कथाही लिहिली होती, बऱ्यापैकी अंकात आली होती, आणि तिच्यावर आजतागायत एका माणसाने काही कळवलेलं नाही. परिणामकारक लेखन म्हणून माझ्या नावावर काही जमा असेल तर ते दीड पानी निवेदन आहे.

या पट्ट्यात लेखक कमी नव्हते, तरी लिहून पोट भरणं हे इथल्या लोकांनी फारसं पाहिलेलं नाही, हेही खरं. आमच्या घरापासून दुचाकीवर जाता येईल एवढ्यावर शिरोडं. तिथे वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शाळामास्तर होते. ज्यांच्यामुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं त्यांची उमेदीची वर्षं वर्ग घेण्यात आणि वह्या तपासण्यात गेली. शिरोड्याला लागून आरवली, जयवंत दळवींची. त्यांनी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केली. कुडाळात चिं. त्र्यं. खानोलकर खाणावळ चालवत होते, पुढे मुंबईला जाऊन आकाशवाणीत लागले. उत्तरेकडे सरकलं तर देवगडकडचे विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, आणि पार दापोलीच्या श्री. ना. पेंडशांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली. म्हणजे कोकणातलं मराठी साहित्य शाळेच्या, कॉलेजच्या, बसकंपनीच्या आणि एका परदेशी सरकारच्या पगारावर उभं राहिलं. खाणावळीचा काही भरवसा नव्हता.

या यादीकडे बघताना मला नेहमी दोन गोष्टी सुचतात. एक, या सगळ्यांच्या घरी कुणी तरी जेवण करत होतं, पाहुणे सांभाळत होतं, मुलांची आजारपणं काढत होतं आणि ‘ते लिहितायत’ असं सांगून माणसं दारातून परत पाठवत होतं. साहित्याच्या इतिहासात या खात्याला रकाना नाही. दुसरी, माझ्याही घरात एक पगार आहेच. नवऱ्याचा. मी ‘पूर्णवेळ लेखिका’ म्हणवून घेते ते त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या जोरावर. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नोकरी सोडून लिहायला यावं का, असं विचारणारी मुलं-मुली मला भेटतात आणि त्यांना माझं अंगण, माझा माड आणि माझी वही दिसते. पगाराची चिठ्ठी दिसत नाही.

संपादकांचा आणखी एक त्रास सांगते. तो पैशाचा नाही. ‘कोकणावर काही तरी द्या,’ असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यातलं कोकण ठरलेलं असतं. एक इरसाल म्हातारा, एक भूत, फणस, देवचार, बांगड्याचं तिखलं आणि शेवटी बंद पडलेलं घर. मी एकदा मच्छीमारांवर कथा देऊ केली. गावाच्या बंदरात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक रापणकर आणि एलईडी लावून मासेमारी करणारे यांच्यात वर्षानुवर्षं धुमसतंय, एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना आहेत, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मला ती गोष्ट भारी वाटत होती. संपादक म्हणाले, चांगलं आहे, पण यात कोकण कुठे आहे? मग पडेल आवाजात, ‘भुताची एखादी आहे का?’

भुताची होती. दिली. तीन हजार मिळाले. ती भुताची गोष्ट वाईट नाही, पण माझ्या गावात सध्या भुतांपेक्षा जमिनीचे एजंट जास्त आहेत, आणि त्यांना बघून माणसं जास्त दचकतात. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, मोपा गोव्यात पलीकडे. समुद्राकडेच्या एकेका गुंठ्याला जे भाव सांगतात ते ऐकून घरातली माणसं सात-बाऱ्याची पानं पुन्हा पुन्हा चाळतात. तिथे खरी भीती आहे, खरी हाव आहे, बहिणींच्या हक्कसोडपत्रांवरचे खरे अश्रू आहेत. हे कोकण वाचकाला नको आहे असं मला वाटत नाही. ते आपल्या वाचकाला नको असेल असं संपादकांना वाटतं, आणि तोवर भूत बरं चालतं.

रापणीची कथा अजून वहीत आहे. ती मी सोडलेली नाही.

चांगले दिवस येतात ते न सांगता. सकाळी सासूबाई उठायच्या आधी एखादं पान असं उतरतं की पुन्हा वाचून त्यात काही बदलावंसं वाटत नाही. असं वर्षात फार क्वचित होतं. एकदा चंदगडहून एका बाईंचा फोन आला. दूध डेअरीवर काम करतात, अंक वाचनालयातून आणला होता. कथेतल्या नायिकेने शेवटी दार उघडलं की नाही एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्या चिडल्या. ‘अहो, लिहिलंय तुम्ही, मला काय विचारता!’ मग मी सांगितलं, उघडलं. ‘वाटलंच,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. समीक्षेचे रकानेच्या रकाने मला असा आनंद देऊ शकले नाहीत, अर्थात तसे रकाने माझ्यावर कुणी खर्चही केलेले नाहीत.

आणि दर कार्तिकात माझा गर्व उतरवायची सोय गावातच आहे. जत्रा सुरू झाल्या की दशावतार येतो. रात्रभर नाटक चालतं, राजे, राक्षस, ऋषी, अस्सल वळणदार मराठी, कोट्या, वाद, रडारड, आणि या सगळ्याला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं, बाकी रंगमंचावर. मी एकदा एका नटाला विचारलं, ते मघाचं वाक्य फार सुंदर होतं, कुठून आलं? तो तोंडावरचा रंग पुसत म्हणाला, ‘खंयचा वाक्य?’ मी दमट वहीत महिनाभर घालवून जे करते ते हा माणूस पहाटे तीन वाजता, मुकुट सांभाळत, पाचशे लोकांसमोर करून विसरूनही गेला होता. माझ्या धंद्याशिवाय ज्या नाटकाचं काही अडत नाही ते नाटक मला सगळ्यात जास्त आवडतं. पण त्या नटालाही नाईट, म्हणजे रात्रीचे पैसे, मिळते, आणि ती किती हे जत्रेच्या आधी ठरलेलं असतं. यात कुणाला कलेचा अपमान दिसत नाही.

आता पुस्तकाबद्दल, कारण हे सगळं लिहायला मी बसले ते त्याच्यामुळे.

पुस्तकाचा हिशेब साधा आहे. किंमत ३०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती सर्रास निघायची. आता कथासंग्रहाच्या पाचशे काढतानाही प्रकाशक दोनदा विचार करतो. पाचशेच्या पाचशे विकल्या गेल्या तर १५ हजार रुपये. त्याला तीन वर्षं लागली तर वर्षाचे पाच हजार, महिन्याचे चारशे सोळा. घरातल्या दोन मोबाइलचं रिचार्ज सुटतं. प्रकाशक यात गब्बर होतो असंही नाही, छापील किमतीतला मोठा वाटा वितरक आणि विक्रेते घेतात, आणि मराठी पुस्तकाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालयं. १९६७ च्या कायद्याखाली त्यांना वर्गवारीप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. अनुदान लांबलं की खरेदी लांबते, खरेदी लांबली की प्रकाशक हस्तलिखितावर बसून राहतो, आणि लेखक फोनवर ‘सहज केला होता’ म्हणतो.

माझं हस्तलिखित असंच बसलं होतं. मग एक दिवस प्रकाशकांकडून कराराचा मसुदा आला, चार पानी, इंग्रजीत. रॉयल्टी ठीक होती. बाकीच्या पानांवर मी कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, छापील, ई-बुक, ऑडिओ, नाटक, चित्रपट, वेब मालिका, अनुवाद आणि ‘पुढे जी माध्यमं निघतील ती’ या सगळ्याचे हक्क देत होते.

तो मसुदा मी पडवीत वाचत होते तेव्हा शेजारचे तात्या आले होते. त्यांची बाग आहे, हापूसची दोन-अडीचशे झाडं. ती ते दर काही वर्षांनी कराराने देतात. ठेकेदार फवारण्या करतो, राखणीला गुरखे ठेवतो, आंबा काढतो, वाशीला पाठवतो. तात्यांना एकरकमी पैसे मिळतात. त्यांनी विचारलं काय वाचतंस, मी मराठीत सांगत गेले. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘वर्सां खंय लिवलीहत?’ किती वर्षांसाठी, ते कुठे लिहिलंय?

मी म्हटलं, पूर्ण मुदत म्हणजे माझ्या हयातीत आणि मी गेल्यावर साठ वर्षं.

‘मेल्यार पण?’

मेल्यावरच साठ. आपल्याकडचा कायदा तसा आहे, लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात.

तात्या काही वेळ माझ्याकडे बघत बसले. पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने. मग त्यांनी त्यांचा करार समजावला, आणि मी तो मधल्या काळात बऱ्याच जणांना सांगितला आहे. बाग देताना पहिली ओळ वर्षांची. तीन, फार तर पाच. झाड आपलंच, फळ त्याचं. झाडाखाली नारळ असतील तर ते कुणाचे हे वेगळं लिहायचं, नाही तर भांडण. ठेकेदाराने मोहोर येऊनही लक्ष दिलं नाही, बाग तशीच सोडली, तर करार संपला. आणि कल्टार, म्हणजे झाडाला मोहोर आणणारं औषध, किती घालायचं ते लिहून घ्यायचं, कारण भरमसाट कल्टार घातलं की दोन वर्षं बाग लगडते आणि मग झाडं बसतात. मी म्हटलं, मग एकेका वर्षानेच का देत नाही? ‘एका वर्साचो ठेकेदार झाडाक पिळून काढता. तेका उद्याचा काय पडला?’ म्हणून फार थोडी वर्षंही नकोत. माणसाने खत घालावं एवढा तरी मुक्काम त्याला द्यायला हवा.

त्या रात्री मी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. तात्यांचा करार त्यात जवळजवळ जसाच्या तसा होता. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर ते पाच वर्षांसाठी समजावेत. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरते. हक्क घेऊन ठेवणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, ते परत लेखकाकडे. म्हणजे ज्यांनी कायदा केला त्यांना लेखक काय प्रकारचा माणूस असतो हे ठाऊक होतं. तो वर्षं लिहायला विसरणार, म्हणून त्यांनी त्याच्या वतीने लिहून ठेवली. मात्र करारात ‘पूर्ण मुदत’ असं छापलेलं असलं की यातली पाच वर्षांची तरतूद कामाला येत नाही. म्हणून ते छापलेलं असतं.

मी प्रकाशकांना लिहिलं: छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क पाच वर्षं, बाकीची माध्यमं माझ्याकडे, आवृत्ती संपून वर्षभर पुन्हा छापली नाही तर हक्क परत. उत्तर आलं नाही. फोन केला तर तिकडचा सूर दुखावल्यासारखा होता. सगळे लेखक यावर सही करतात. मोठमोठ्या लेखकांनी केली आहे. आपलं नातं विश्वासाचं आहे. शेवटचं वाक्य ऐकून मलाच अपराधी वाटायला लागलं, आणि तेच त्या वाक्याचं काम असतं. तात्यांचे ठेकेदाराशी तीस वर्षांचे संबंध आहेत, एकमेकांच्या घरच्या लग्नांत जेवायला जातात. तरी दर वेळी स्टँपपेपर आणतात.

मध्ये पूर्ण पावसाळा गेला. पुस्तक गेलं असं मी धरून चालले. चवथीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने नेहमीप्रमाणे ‘काकी, नवीन पुस्तक?’ विचारलं आणि मी नेहमीप्रमाणे करंज्या पुढे केल्या. त्या काळात मी वाईट लिहिलं, चिडचिड केली, एका होमस्टेच्या माहितीपत्रकात ‘निवांत’ हा शब्द तीनदा घातला, आणि दोनदा सही करून टाकावी असं ठरवून पेन हातात घेतलं. नवरा म्हणाला, कर, एवढं काय आहे त्यात. सासूबाई म्हणाल्या, तात्यांका इचार. आमच्या घरात साहित्यविषयक सल्लागार मंडळ हे असं आहे.

नोव्हेंबरात करार परत आला. वर्षांच्या जागी पेनाने ‘७’ केलं होतं, शेजारी आद्याक्षरं. चित्रपट आणि वेब मालिका खोडली होती, ऑडिओ ठेवला होता. आवृत्ती संपण्याची अट मान्य. रॉयल्टी तेवढीच. मी सही केली. पुस्तक फेब्रुवारीत येईल म्हणतात, म्हणजे मे.

तात्यांना दाखवायला गेले. ते खळ्यात पेट्यांच्या फळ्या मोजत होते. ‘सात वर्सां?’ ते म्हणाले. ‘तवसर माझी झाडां मरतली.’ पण ऑडिओ म्हणजे काय ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि कानात घालून ऐकण्याचे पैसे वेगळे का नाहीत, असा प्रश्न टाकला, ज्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी आतून त्यांचा जुना करार आणला. ठेकेदार बदलायचा होता. जुन्या करारात कल्टारचं नीट लिहिलेलं नव्हतं, नारळांचं तर नव्हतंच, आणि या खेपेला कातळावरच्या काजूचाही वाद होण्यासारखा होता. सगळं एकदा व्यवस्थित मराठीत लिहून हवं होतं. मी म्हटलं, देते लिहून.

‘तुजे किती?’

इतक्या वर्षांत गावात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आकडा सांगितला. तात्यांनी तो ऐकून हात कपाळावर मारला आणि अर्ध्यावर आणला. मी जाहिरात कंपनीत पूर्वी काय मिळायचं ते सांगितलं, त्यांनी या वर्षी मोहोरावरच्या थ्रिप्स किडीने काय केलं ते सांगितलं. आतून त्यांच्या सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला आणि दोघांनाही लाज नाही म्हणून गेल्या. शेवटी पाऊण आकड्यावर तुटलं. निम्मे आगाऊ, रोख, आणि निम्मे मसुदा वाचून दाखवल्यावर. दोन फेऱ्यांपर्यंत दुरुस्त्या फुकट, त्यापुढे वेगळे पैसे, हेही मी बोलून घेतलं.

‘लिवन घी,’ तात्या म्हणाले.

घेतलं.